शेजार शिकवणाऱ्या मॅडम

मॅडम रानात शिरल्या की आधी खाली बसायच्या. वर झाडांकडे बघायच्याही नाहीत. इस्त्रीची सुती साडी, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ आणि दोन्ही हात पालापाचोळ्यात. ओल्या मातीची मूठ आमच्या नाकाशी धरून म्हणायच्या, "हा वास लावलेल्या रानात येतो का, सांगा."

तळेगावच्या कॉलेजात त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत, पण चार भिंती त्यांना मानवत नसत. सुट्टी आली की आम्हाला एसटीत घालून लोणावळ्यापलीकडच्या एका गावी न्यायच्या. गावाच्या एका अंगाला सागाची लागवड, दुसऱ्या अंगाला देवराई. आधी सागाच्या रांगांतून चालवायच्या. पायाखाली एकाच जातीची वाळकी पानं, वर एकाच वयाची झाडं. मग देवराईत. तिथं हिरड्यावर आंबा रेललेला, आंब्यावर गारंबीचा वेल, वठलेल्या खोडावर अळंबी आणि त्याच खोडाच्या ढोलीत पिंगळा. "झाडं मोजू नका, शेजार बघा," त्या सांगत. "म्हातारं झाड गेलं की एक झाड जात नाही, अख्खी आळी उठते."

देवराईच्या कडेला सोनामावशीचं घर होतं. तिथली भाकरी खाल्ल्याशिवाय मॅडम कधी परतल्या नाहीत. मावशीची सून बाळंतपणात अडली, तेव्हा मॅडमनीच गाडी करून तिला दवाखान्यात नेलं होतं. गावात त्यांचा शब्द म्हणजे देवाचा कौल. मी वनस्पतिशास्त्राची शिक्षिका झाले, तीही त्यांच्याचमुळे.

पुढे वरच्या पठारावर बंगल्यांची योजना आली आणि रस्ता देवराईतून आखला गेला. ग्रामसभेला गावानं मॅडमना बोलावलं. मावशीचा मला फोन आला, "आता काय भ्याव न्हाई, मॅडम येत्यात."

मॅडम आल्या त्या बंगलेवाल्यांच्या गाडीतून. माइक हातात घेऊन शांतपणे म्हणाल्या, "इथली बरीच झाडं म्हातारी झालीत. कंपनी खाली याच्या दुप्पट झाडं लावणार आहे. जंगल कमी होणार नाही, वाढेलच." आवाज तोच, आम्हाला शिकवणारा.

मी उठले. लावलेली झाडं म्हणजे देवराई नव्हे, एवढंच बोलले असेन, तोवर शेजारच्या आबांनी हात धरून मला खाली बसवलं. "पोरी, मॅडमपरीस तुला जास्त कळतं व्हय?" रस्त्याच्या बाजूनं हात वर झाले. त्यांत मावशीचाही होता.

गाडीपाशी मी त्यांना गाठलं. "मॅडम, हे असं नसतं, ते तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"रस्ता होणारच होता गं. मी नसते तर दुसरं कुणी आलं असतं. मी निदान झाडं तरी लावून घेतेय." काच वर गेली. बंगलेवाल्यांनी त्यांना सल्लागार नेमलंय, हे मला मागाहून कळलं.

देवराई गेली. खाली गिरिपुष्पाच्या, एकाच परदेशी झाडाच्या, सरळ रांगा उभ्या आहेत. मी माझ्या विद्यार्थ्यांना तिथं नेते आणि सगळं मॅडमच्याच शब्दांत सांगते. दुसरे शब्द मला येत नाहीत, याचाच जास्त राग येतो.

परवा मावशीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मॅडम कुटं आस्त्यात आता?"

"तळेगावलाच. सोसायटीत."

"त्यांना म्हनावं, येऊन जावा. रान तोडलं ते तोडलं, मानूस न्हाई तोडायचं."

मॅडमचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तो निरोप मी अजून दिलेला नाही.