चौदा नंबरला कोण बसलं होतं

चिमणाक्काला कॉलेजात सगळे शिपाई म्हणायचे. कागदावर ती तेवढीसुद्धा नव्हती. अकरा वर्षं रोजंदारीवर. चिमणाबाई मधाळे, सातवी पास. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुतल्या, ग्रंथालयाची कपाटं पुसली, प्राचार्यांच्या पावण्यांना चहा दिला. दोन हजार दोन साली कॉलेजात इंटरनेटची लाईन आली आणि संगणक कक्षाच्या दाराशी तिची खुर्ची पडली, ती तिथंच राहिली. मी तोहिद, कुरुंदवाडचा. आत बसून सर्व्हर सांभाळायचो. पगार माझा जास्त, पण त्या खोलीत शब्द चालायचा तो तिचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शहाणा समजायला नको.

तेव्हाच्या माउसच्या पोटात एक रबरी गोळी असायची. ती काढून खिशात घालायचा पोरांना भारी नाद. घरी नेऊन तिचं काय लोणचं घालत होती, देव जाणे! पहिल्या महिन्यात बावीसपैकी नऊ गोळ्या गेल्या. प्राचार्य माझ्यावर खेकसले, मी पोरांवर खेकसलो, आणि दहावी गोळी गेली. चिमणाक्का कुणावर खेकसली नाही. तिनं सुताराकडनं बावीस खणांची एक फळी करून घेतली. ओळखपत्र द्यायचं, गोळी घ्यायची. चौदा नंबरच्या मशीनची गोळी घेतली की ओळखपत्र चौदाच्या खणात. जाताना गोळी परत, ओळखपत्र परत.

"गोळी न्हाय तर कार्ड न्हाय," असं ती प्रत्येकाला सांगायची. "आन् कार्ड न्हाय तर परीक्षेला कसा बसतोस बघू."

त्यानंतर एक गोळी हलली नाही. नाद खुळा बाई!

वहीपण होती. नाव, वर्ग, मशीन नंबर, वेळ असे रकाने आखलेली. पण त्या वहीचं काय सांगू! पहिला आलेला पोरगा सगळं व्यवस्थित लिहायचा. मागनं येणारे आपलं नाव तेवढं लिहायचे आणि पुढच्या रकान्यांत टिंबं द्यायचे, वरीलप्रमाणे. वर्ग तोच, मशीन तेच, वेळ तीच. वहीवर विश्वास ठेवला तर आमच्याकडं एका खुर्चीत एकोणीस जण बसत होते.

खरी नोंद व्हायची ती माझ्या सर्व्हरवर. कुठल्या मशीनवरनं, किती वाजता, काय उघडलं, सगळं. लाईन आली तेव्हाच प्राचार्यांनी तसं बजावलं होतं. पोरांना याचा पत्ता नव्हता, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, खिडकी बंद केली की संपलं. मी आपला आत बसून बघायचो. कुणी नोकरी शोधतंय, कुणी नटीचे फोटो बघतंय, कुणी एखाद्या आजाराचं नाव टाकून अर्धा अर्धा तास वाचतंय. त्याचं मला काही म्हणजे काही वाटायचं नाही. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दोन हजार चारच्या जानेवारीत पृथ्वीराज सर माझ्या टेबलाशी आले. रसायनशास्त्राचे प्रमुख. कॉलेज सुटलं की शाहूपुरीत त्यांची ट्यूशन चालायची. ट्यूशनला येणाऱ्याला प्रॅक्टिकलचे मार्क सढळ हातानं, न येणाऱ्याला काठावर. हे कॉलेजातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आता कुणीतरी ते मेलवर लिहून वरच्या कचेरीत कळवलं होतं, स्वतःचं नाव न घालता. वरच्या कचेरीनं काय करावं? कागदावर छापून, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्का मारून आमच्या कॉलेजात पाठवून दिलं. प्राचार्यांनी ते विभागप्रमुखांकडं पाठवलं, आणि विभागप्रमुख म्हणजे खुद्द पृथ्वीराज सर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

"मंगळवार, अकरा चाळीस," सर कागद आपटत म्हणाले. "मेल आपल्याच कॉलेजातनं गेलाय. काढ."

मी काढलं. पाच मिनिटांत काढलं. मशीन नंबर चौदा.

सरांनी वही मागवली. मंगळवारच्या पानावर अकरा ते बारामध्ये एकोणीस नावं, आणि मशीनच्या रकान्यात टिंबंच टिंबं. सरांनी वही माझ्या अंगावर भिरकावली. आणि तेव्हा मी, हुशारीचा पुतळा, बोलून गेलो, "सर, चिमणाक्काला माहीत असणार. ओळखपत्र तिच्याच खणात असतंय की."

शब्द तोंडातनं गेला आणि मला कळलं की मी काय करून बसलो.

सर दाराशी गेले. आक्का खुर्चीवरनं उठली नाही.

"मंगळवारी बाराच्या आधी चौदा नंबरला कोण होतं?"

"व्हतं की."

"कोण?"

"नाव ठाऊक हाय. सांगणार न्हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सरांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता, आणि पुढच्या पोराचं ओळखपत्र घेऊन सहाच्या खणात ठेवलं.

सर गेल्यावर मी तिच्यावर उखडलो. "आक्का, इसरले म्हणायचं की! विषय मिटला असता. कशाला ओढवून घेतलंसा?"

"का म्हणून इसरू?" ती म्हणाली. "इसरले म्हटलं की ती एकेक कार्ड समोर धरून आठवण करून द्यायला बसत्यात. माझ्या तोंडाकडं बघत्यात, कुठल्या कार्डाला पापणी हालतीया. त्यापरास ठाऊक हाय पर सांगत न्हाय म्हटलं की भांडण त्यांचं न् माझं. पोराकडं कुणी बघत न्हाय. आन् हे बघ, खणाचं तू सांगितलंस. सर्व्हरवरचं बी तूच काढून दिलंस. तवा तू मला शिकवू नगंस."

मी आत माझ्या टेबलाशी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात सांगितलं, "सापडू दे फक्त. तीन वर्षांची बी.एस्सी. सहा वर्षांत करतो की नाही बघा." प्रॅक्टिकल परीक्षा दोन महिन्यांवर. त्या एकोणीस जणांचं धाबं दणाणलं. त्यात खेड्यापाड्यातनं पहाटेची एसटी धरून येणारी पोरं, लग्न पुढं ढकलून घरात भांडून शिकणाऱ्या पोरी. एक वर्ष वाया गेलं की यातल्या निम्म्यांचं शिक्षण तिथंच संपणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग पोरं एकेक करून आक्काकडं यायला लागली. बाहेरची कुणी नव्हेत, त्या एकोणीसमधलीच. "आक्का, मी न्हवतो. सरांना एवढं सांगा की, मी दुसऱ्या मशीनवर होतो." खरंच सांगत होती बिचारी, त्यांतली अठरा तरी. मेहक नावाची एक पोरगी रडायलाच लागली. म्हणाली, माझ्या अब्बांना कळलं तर कॉलेज बंद, तुम्ही फक्त माझं नाव त्यातनं काढा.

आक्कानं तिला पाणी दिलं, पदरानं तोंड पुसलं, आणि नाव काढायला साफ नकार दिला.

मला बघवलं नाही. "अहो आक्का, निर्दोष आहे तिला तरी सोडवा की."

"अठराजणांस्नी 'तू न्हवतास' म्हटलं की एकोणिसावा उघडा पडतोय. एवढं गणित मला बी येतंय. आन् ही रडती तीच एकोणिसावी असली तर? कोण निर्दोष ते तुला कसं ठाऊक? दोष काय केलाय पर? खरं लिव्हलंय, एवढाच न्हवं का?"

त्या पोरांचा तिच्यावर राग. सरांचा राग. शिपाई मंडळी म्हणायची, म्हातारीला मस्ती आली. ती रोज दहाला यायची, खुर्चीत बसायची, गोळ्या द्यायची. पंधरा दिवस असं भिजत घोंगडं पडलं. मग प्राचार्यांनी तिला बोलावलं. सर्व्हरवाला म्हणून मलाही.

प्राचार्यांच्या टेबलावर एकच कागद होता. पृथ्वीराज सर बाजूच्या खुर्चीत. आक्का उभी राहिली. बसा कुणी म्हणेना, तेव्हा तिनं स्वतःच एक खुर्ची ओढली आणि बसली.

"चिमणाबाई, हा तुमच्या कायम नेमणुकीचा आदेश," प्राचार्य गोड आवाजात म्हणाले. "अकरा वर्षं वाट बघताय ना?"

"व्हय. बारावं लागलं."

"मी आत्ता सही करतो. एक नाव सांगा."

मी मनात म्हणालो, सांगून टाक बाई. खोटं कशाला बोलू, तसंच म्हणालो. कायम झाली असती तर पेन्शन, आजारपणाची रजा, म्हातारपणाची सोय. नवरा जाऊन किती वर्षं झालेली. एका नावाची काय ती किंमत?

आक्कानं कागद हातात घेतला. सावकाश, शेवटपर्यंत वाचला. परत ठेवला.

"साहेब, त्या मेलमधलं खरं का खोटं, हे पंधरा दिवसांत एकानंबी इचारलं न्हाय. कुणी लिव्हलं एवढंच इचारतायसा."

"तो विषय वेगळा आहे," पृथ्वीराज सर ओरडले.

"तोच इषय हाय. छप्पन साली माझ्या बापानं धम्म घेतला, तवा गावच्या पाटलानं यादी मागितलती, कोण कोण गेलतं म्हणून. आमची कामं बंद केली गावानं. माझी आई दुसऱ्या गावात खुरपायला जायची. पर आमच्या गल्लीतनं एक नाव फुटलं न्हाय. मी त्या बापाची लेक. तुमास्नी काय वाटलं, कागद दावला की मी बोलीन?"

"मग हा आदेश फाडू?" प्राचार्यांचा गोडवा संपला होता.

"तुमचा कागद हाय. फाडा, न्हायतर ठिवा. नाव माझं न्हवं, त्या पोराचं हाय. दुसऱ्याची वस्तू मी तुमास्नी कशी देऊ?"

आणि उठून चालायला लागली! परवानगी नाही, नमस्कार नाही. मी तिच्या मागनं बाहेर आलो तोवर ती आपल्या खुर्चीत बसून गोळ्या द्यायला लागली होती.

कागद प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात गेला तो गेलाच. आठवड्याभरात तिला संस्थेच्या पेठ वडगावच्या शाळेत पाठवलं, अंगण झाडायला. पुढं वय झालं तेव्हा ती रोजंदारीवरच घरी बसली. मार्चमध्ये प्रॅक्टिकल झाली. बाहेरचे परीक्षक आलते. एकोणीसपैकी कुणाला धरायचं ते सरांना कळेना, आणि सगळ्यांना पाडलं तर वरून विचारणा होणार. एकोणीसच्या एकोणीस पास. सरांची ट्यूशन मात्र चालूच राहिली, तेव्हा फार मोठी क्रांती झाली असं समजू नका.

प्राचार्यांनी मला नवीन काम लावलं. प्रत्येक पोराला स्वतःचा पासवर्ड, म्हणजे नाव आपोआप सर्व्हरवर. "आता कुणाला विचारायची गरजच नको," असं म्हणाले. मी ते बसवलं. नोकरी होती, बसवलं. पण दारावर एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात. 'इथं तुम्ही काय उघडता ते तुमच्या नावासकट नोंदलं जातं. तोहिद, सर्व्हर.' प्राचार्यांनी फाडला, मी दुसरा लावला. त्यांनी तोही फाडला. मी पाच वेळा लावला, शेवटी तेच कंटाळले. माझी मजल तेवढीच.

पाच वर्षांनी, दोन हजार नऊला, वडगावच्या स्टँडवर आक्का भेटली. केस सगळे पांढरे, आवाज तोच. मी तिला ओढतच हॉटेलात नेलं. चहा सांगितला, भजी सांगितली. गप्पा झाल्या, आणि इतकी वर्षं पोटात वळवळणारं शेवटी बाहेर आलंच.

"आक्का, आता तरी सांगा. कोण होतं? पोर शिकून कुठंतरी लागलं असंल. सर रिटायर झाले. आता कुणाचं काय बिघडतंय? मी काय, घरचाच की."

तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"त्यांनी भ्या घालून इचारलं. तू च्या पाजून इचारतोयस. मला दोन्ही सारखंच."

तेवढ्यात तिची एसटी लागली. भजी तशीच ठेवून ती उठली.