वहिनीचा अबोला

आमच्या वहिनीचा अबोला सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. तोंड बंद, पण भांडी बोलायची. घरी डबे आपटणार, दुकानात इस्त्री आदळणार. लाँड्री दोघांची, त्यामुळे दादाची कुठेच सुटका नसायची. "बोलली असती तर कमी आवाज झाला असता," म्हणायचा.

एके दिवशी गिऱ्हाइकाचा शर्ट जळला. जाळला दादाने आणि खापर फोडलं वहिनीवर, तेही गिऱ्हाइकासमोर. मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले. वहिनी स्टुलावर पुढे वाकून बसली होती. हात गुडघ्यांवर, हनुवटी पुढे काढलेली, मांडीवर टॉवेल.

"सकाळपासून घसा दुखतो म्हणून खुणा चालल्यात," कपड्यांच्या घड्या घालत दादा म्हणाला. "नाटकं सगळी. आता थुंकीसुद्धा गिळत नाही, बघ किती तो राग!"

मी हसले. डबा उघडला. पण काहीतरी चुकत होतं. इतका वेळ झाला तरी काहीच आपटलं नव्हतं. वहिनीचा अबोला, आणि एवढा शांत? नुसती इस्त्रीची वाफ तेवढी सुटत होती. सूं... थांबून पुन्हा सूं...

"दादा, इस्त्री बंद कर ना आधी."

"बंदच आहे. वीज कधीची गेलीय."

आम्ही दोघांनी एकदमच वहिनीकडे पाहिलं. टॉवेल लाळेने भिजला होता. ओठ निळे पडत चालले होते. तो आवाज तिच्या गळ्यातून येत होता.

दादाने घाबरून तिला कपड्यांच्या गठ्ठ्यावर आडवं करायला घेतलं. तिने जिवाच्या आकांताने त्याला ढकललं.

"बसू दे तिला!" मी ओरडले. "राग नाही रे हा, तिला श्वास पुरत नाहीये!"

बसल्या बसल्याच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडायलाही लावलं नाही, तिचं वाकून बसणं आणि लाळ पाहूनच ओळखलं.

"श्वासनळीवरचं झाकण सुजलंय. क्वचितच होतं असं. निजवलं असतं तर वाटेतच सगळं संपलं असतं," म्हणाले आणि तिला आत नेलं. दार लागलं. दादा बाकावर बसून पुटपुटत राहिला, "नको बोलूस. जन्मभर नको बोलूस. फक्त ये."

ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या गळ्यात नळी होती. बोलणं शक्यच नव्हतं. दादाने तिचा हात धरला.

"शर्ट मी जाळला होता गं."

वहिनीने हात सोडवून घेतला. मग उशाची स्टीलची वाटी उचलली आणि खाटेच्या दांडीवर दाणकन आपटली. नर्स धावत आली.

"आपटली!" दादा नर्सला सांगत सुटला, "अहो, आपटली तिने!" आणि तिथेच ढसाढसा रडला.