उकळती सुई

धानोऱ्याच्या बाजारात एक चाचा कान टोचायला बसायचा. स्टोव्हवर सुई उकळत असायची, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसलं तर तो लेकराला हातही लावायचा नाही. गिऱ्हाईकं कंटाळून पलीकडच्या सोनाराकडे जायची. माझी लेक मांडीवर रडून रडून थकली, तरी त्याचं पाणी उकळतच होतं. मी चिडले.

"चाचा, लोकाचं लेकरू म्हणून इतकं भिता का?"

"लोकाईसाठी पयलेपासून उकळतो, बाई," तो खालीच बघत म्हणाला. "माही पोरगी घरचीच होती. तिले काय होते म्हनलं, अन् तशीच टोचली. आठव्या दिवशी तिचा जबडाच उघडला नाई."

त्याने चिमट्याने सुई उचलली, न्याहाळली आणि परत पाण्यात टाकली.