टेप काढून बसवलेला नकाशा

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चाळीस मेंढरं बिडकीनच्या बाजूला कुणाच्या तरी रिकाम्या रानात बसलेली असायची. दिवसाआड मी हर्सूलहून पाण्याची टिपाडं भरून पिकअपमधून तिकडं न्यायचो. त्यात एक फेरीही चुकून चालणार नव्हतं. तिकडच्या विहिरी कधीच आटल्या होत्या.

अडचण रस्त्याची होती. आबा जन्मभर मेंढरांमागं चाललेले, त्यांच्या वाटा झाडांवरून आणि विहिरींवरून ठरायच्या. आणि शहर नेमकं त्याच बाजूला सरकत होतं. मागच्या फेरीला पाहिलेली बाभळ पुढच्या फेरीला नसायची, विहिरीत मुरूम पडलेला असायचा, बांधाच्या जागी तारेचं कुंपण. आबा फोनवर खूण सांगायचे आणि मी ती नसलेली खूण शोधत तासभर धूळ खायचो. राग शहराचा यायला हवा होता. मला आबांचाच यायचा.

म्हणून गाडीतला टेप काढून नकाशावाली स्क्रीन बसवायचं ठरवलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा शहागंजच्या बाजारात जुनी शोधली. दुकानदारानं टेप उपसला, स्क्रीन त्या भोकात बसेना म्हणून डॅशबोर्डच कानशीनं घासला आणि वायरी चिकटपट्टीनं गुंडाळल्या. "पूरा नक्शा डाल दिया मैं कार्ड में," तो म्हणाला. "नेट की जरूरतइच नै." नकाशा किती जुना आहे, हे मी विचारलं नाही. स्वस्तात काम झाल्याच्या आनंदात होतो.

स्क्रीनमधून हिंदी बोलणारी बाई आबांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते पोट धरून हसले. "हिला इथली एक तरी इहीर म्हाईत हाय का रं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" भोवती जमलेले सगळे हसले. मला ते फार लागलं.

मे महिन्यात एका सकाळी आबांचा फोन आला. मेंढरं नव्या रानात हलवली होती. ते वाट सांगत राहिले, सावकाश, एकेक वळण. फोन मी शेजारच्या सीटवर ठेवला होता आणि बोटानं स्क्रीनवर जवळच्या वस्तीचं नाव लिहीत होतो. मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होतो.

"समजलं का?"

"समजलं आबा, ठेवा आता."

त्यांच्या सांगण्यातला एक शब्दही मी ऐकला नव्हता.

अर्धी वाट झकास गेली. मग बाईनं एका गाडीवाटेला वळायला सांगितलं आणि ती वाट एका नव्या भिंतीला जाऊन थांबली. स्क्रीनवर मात्र ती भिंतीतून आरपार पुढं गेलेली. मागं फिरलो तर रुंद सिमेंटचा रस्ता लागला, तो नकाशात नव्हताच. कोऱ्या पडद्यावर माझा बाण एकटाच सरकत राहिला. पडद्याच्या कडेला निळा तलाव दिसत होता, काचेबाहेर त्या जागी नुसत्या भेगा. कुठं माणूस नाही, सावली नाही. मागं टिपाडांतलं पाणी डुचमळत होतं. आबांना फोन लावला तर बंद, चार्जिंग संपलेलं असणार. ऊन चढत गेलं आणि मला भीती वाटू लागली.

तीनेक तासांनी रस्त्याच्या कामावरचा एक रोलरवाला भेटला. "मेंढरंवालं म्हातारं शोधताय व्हय? खदानीकडं जा. लई वाईट झालंय."

भरावासाठी मुरूम काढून तिथं खोल खदान केली होती. तळाला गाळ आणि थोडं पाणी. कडा उभ्या आहेत, उतरलेलं जनावर वर येत नाही, हे आबांना माहीत होतं. म्हणूनच ते मेंढरांना सकाळपासून लांब थोपवून धरत होते. पोरगं पाणी घेऊन निघालंय, एवढ्याच भरवशावर. दुपारी पाण्याच्या वासानं एक मेंढी सुटली आणि तिच्यामागं सगळी. मी पोचलो तेव्हा आबा मांड्यांपर्यंत गाळात उभे होते आणि कामावरची माणसं दोर टाकून मेंढरं ओढत होती. अकरा गेली.

उरलेल्यांना पाणी पाजलं. आबा टिपाडाला टेकून बसले. आता ते शिव्या देतील असं वाटलं, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

"म्या तुला उलटं सांगितलं काय रं?" ते म्हणाले. "कवापास्नं त्येच आठवतोय. एखादं वळण उलटं सांगितलं आसंल म्या."

मी म्हणालो, "आसंल, आबा."

त्यांनी मान हलवली. पुढं ते पुष्कळ वर्षं जगले. पूर्वी आमच्या भागात कुणी वाट चुकलं की त्याला आबांकडं आणायचे. नंतरही लोक यायचे, पण आबा हात जोडायचे. "पोराला इचारा. मला आता नीट सांगता येत नाय. अकरा मेंढरं घालवली म्या."

मी तिथंच बसलेलो असायचो. उठायचो आणि त्या माणसाला रस्ता सांगायचो.