झेन्झीला हात कोण करणार?

आमच्या एर्लहाखची झेन्झी होल्झाप्फेल अडतीस वर्षं बेकरीत पाव विकायला उभी होती, आणि तेवढ्या वर्षांत गावासमोरच्या डोनाउ नदीतून गेलेलं एकही प्रवासी जहाज तिने हात केल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. भोंगा ऐकू आला की झेन्झी दुकानाबाहेर. गिऱ्हाईक आत तोंडाकडे बघत उभं, आणि ही काठावर पिठाचे हात हलवतेय. जहाजावरचे लोक आरामखुर्चीत पडल्यापडल्या दोन बोटं उचलायचे. तेवढ्यावर बाईचा दिवस छान जायचा.

तिचा नवरा आलोइस तिथेच बाकावर बिअर घेऊन बसलेला असायचा. त्याने जन्मात कुणा जहाजाला हात केला नाही. "ओळख ना पाळख, हात कसला करायचा? आपल्याकडे जेवायला येणारेत का ते?" असं त्याचं म्हणणं.

एकाहत्तराव्या वर्षी झेन्झीने ठरवलं की आता आपण जहाजावर बसायचं आणि गावाने आपल्याला हात करायचा. बुडापेस्टपर्यंत आठ दिवसांची सफर. आलोइसला विचारलं तर तो म्हणाला, "जे पाणी मी घरबसल्या फुकट बघतो, ते बघायला पैसे भरू? डोकं फिरलंय का माझं?" मग ती मैत्रिणीला, वाल्बुर्गाला घेऊन निघाली.

पासाऊ शहरातून सुटलेलं जहाज तासाभरात आमच्या गावासमोरून जातं. झेन्झीने पंधरा दिवस आधीपासून घरोघर सांगून ठेवलं होतं. "सहाच्या आसपास या. डावीकडे, अगदी पुढची खुर्ची. पिवळा टॉवेल दिसेल, लाल कोंबड्याचा. त्यावर मी." कोंबड्याचा टॉवेल बेकरीने तिला निरोपाला दिलेला, साऱ्या गावाच्या ओळखीचा. बँडवाल्यांनासुद्धा तिने कामाला लावलं होतं.

त्यामुळे जहाजावर पाय ठेवल्याठेवल्या तिने ना खोली बघितली, ना बॅग. टॉवेल काखेत मारला आणि तडक वरच्या गच्चीवर. ज्याचा टॉवेल आधी पडला त्याची खुर्ची, हा आपल्या लोकांचा कायदा; त्यांच्या आधी पसरायचा म्हणजे घाई हवीच. पण वर बघते तर पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल पडलेले!

"मेले कधी येऊन गेले गं हे?" झेन्झी कडाडली.

"हे लोक टॉवेल टपालाने आधी पाठवत असतील," वाल्बुर्गा धापा टाकत म्हणाली.

शिवाय डावीकडून नदी दिसतच नव्हती. तिकडे आणखी खुर्च्या होत्या, आणखी गच्ची होती. मध्ये तेवढी एक छोटीशी फळी. झेन्झी फळीवरून पलीकडे गेली, तर टोकाला पहिलीच खुर्ची रिकामी आणि समोर उघडी नदी. तिने कोंबडा नीट पसरला, चार चिमटे लावले, वारा कुठून येतोय तेही बघितलं.

"केवढं रुंद जहाज आहे गं!" वाल्बुर्गा म्हणाली.

"मग? एवढे पैसे मोजलेत," झेन्झी म्हणाली.

तेवढ्यात सगळ्यांना खाली बोलावलं. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते एका चुणचुणीत मुलीने दाखवलं. बाकीच्यांनी घातलं आणि काढलं. झेन्झीचं काही निघेना, बक्कल अडकलं. "राहू दे, कॉफी गार होतेय," म्हणून ती तशीच नारिंगी फुगा होऊन बसली. चेरीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. मग दोघी वर आल्या.

गच्ची मघाएवढी राहिलीच नव्हती. फळी नव्हती. पलीकडच्या खुर्च्या नव्हत्या. जिथे कोंबडा होता तिथे पाणी होतं.

"बुर्गी," झेन्झीने मैत्रिणीचा दंड धरला, "अर्धं जहाज गेलं गं!"

जवळचा खलाशी दोर गुंडाळत होता. "आजी, ते शेजारचं जहाज. जागा नसली की इथे दोन-दोन एकमेकांना बांधतात. ते मघाशीच सुटलं."

"कुठे गेलं?"

"खाली. आपल्याच वाटेने."

"आपण कधी सुटणार?"

"आणखी पाऊण तासाने."

झेन्झी मटकन खाली बसली. जॅकेटमुळे थोडी परत उसळली. गावावरून आता कोंबडा जाणार आणि झेन्झी नाही! तिने आलोइसला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. आलोइसच्या खिशातला फोन वाजत होता खरा, पण त्याच्या शेजारी आमचा बँड उभा होता, आणि आमच्या बँडपुढे चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नाही.

शेवटी तिचं जहाज सुटलं. वळण आलं, चर्चचं टोक दिसलं. झेन्झी डाव्या कठड्याला चिकटून उभी. जवळ आल्यावर पाहिलं, तर काठ मोकळा. गवतावर कागदाचे झेंडे पडलेले. बँड नाही, बेकरीवाले नाहीत. बाकावर तेवढा आलोइस, पुढ्यात बिअर.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"अरे म्हाताऱ्या, सगळे कुठे गेले?"

"खानावळीत. तुला हात करून झाला की त्यांचा."

"ती मी नव्हते!"

"मला माहीत आहे. टॉवेलवर एक टकला बसला होता. मी म्हटलं, आमची झेन्झी टकली नाही. तर म्हणतात, सुट्टीवर माणूस बदलतं."

"माझ्या टॉवेलवर बसला? दुसऱ्याच्या टॉवेलवर?"

"उत्तरेकडचा असणार, हांबुर्गबिंबुर्गचा. बँड वाजला तर उभा राहून मुके काय उडवतोय! बेकरीवाली तर रडली."

वाल्बुर्गा हसून कठड्यावर लोळत होती. झेन्झीला मात्र हसू येईना. बाक आता अगदी समोर आला होता. चार मिनिटांत मागे पडणार.

"मग तू का नाही गेलास त्यांच्याबरोबर?"

"जाऊन काय करू? तू यायची होतीस ना अजून. आणि ते नारिंगी काय घातलंयस? बुडालीस का?"

"निघत नाहीये. आलोइस, ऐक." तिचा आवाज जरा बारीक झाला. "हात कर ना."

आलोइस उभा राहिला. उजव्या हातात फोन, डाव्या हातात भरलेला पेला. त्याने या हाताकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं.

"फोन ठेवला तर मी केला की नाही ते तुला कळायचं नाही," तो म्हणाला.

"अरे बैला, मी बघतेय तुला!"

मग आलोइस होल्झाप्फेलने, ज्याने लग्नात अंगठी घालतानासुद्धा पेला दुसऱ्या हातात धरला होता, तो भरलेला पेला बाकावर ठेवला आणि हात वर केला. हलवायचा असतो हे त्याला ठाऊक नसावं. नुसता सरळ वर धरून उभा राहिला, पोलीस गाड्या थांबवतो तसा.

जहाज काही थांबलं नाही. पण झेन्झीने दोन्ही हात असे हलवले की बक्कल आपोआप सुटलं.

"हालव की जरा!" ती फोनमध्ये ओरडली.

"आता पहिल्याच दिवशी सगळं मागू नकोस," आलोइस म्हणाला. हात मात्र त्याने वळणापर्यंत खाली घेतला नाही, आणि तोवर बिअरचा सगळा फेस बसला.