आप्पांच्या सहीचे कोरे कागद

माणूस गेला की त्याचे किस्से थांबतात म्हणे. साफ खोटं! आमचे पुढारी आप्पा जाऊन दोन वर्षं झाली, अन् किस्से वाढतच चाललेत. भिवंडीत टेमघरला त्यांच्या ऑफिसात मी वीस वर्षं टायपिंग केलं. कुठेही चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "नामा, आप्पांचं सांग ना!" मग ऐका.

* * *

आप्पा सकाळी बाहेर पडायच्या आधी कोऱ्या लेटरहेडांवर सह्या ठोकायचे. "मजकूर तू भर. मानूस रिकाम्या हाताने जाता कामा नये!" शाळेचं ॲडमिशन, पॉवरलूमचा वीजमीटर, काहीही असो. वेळ वाचावा म्हणून मी तेव्हाच वरच्या कोपऱ्यात हाताने जावक नंबर टाकून ठेवायचो. केवढी माझी हुशारी!

आप्पा गेले तेव्हा ड्रॉवरमध्ये अशा कागदांचा जाड गठ्ठा होता.

* * *

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी एक लूमवाले चाचा आले. "आप्पा की चिठ्ठी चाहिए. लड़की का दाखिला है."

"चाचा, आप्पा तो गुजर गए."

"मालूम है. चिठ्ठी तो है ना?"

आप्पांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या शेठनी, ड्रॉवरकडे बोट दाखवलं. मी टाइप केलं, तारीख त्या दिवशीची घातली. ॲडमिशन झालं! हेडमास्तरांचा फोन आला, "काम केलंय. आप्पांना नमस्कार सांगा." अहो, हेच हेडमास्तर तेराव्याला माझ्या शेजारी जेवायला बसले होते!

* * *

आप्पांच्या खुर्चीला हार घातलेला असतो. तिच्यावर कुणी बसत नाही, पण गाऱ्हाणी मात्र तिच्यासमोरच सांगतात. एक गोदामवाला अर्धा तास रस्त्याबद्दल बोलत राहिला. मधे थांबायचा, मान डोलवायचा, पुन्हा बोलायचा. जाताना मला म्हणाला, "हो म्हणाले."

मी हसलो. आठवड्यात त्याच्या गेटपर्यंत डांबर पडलं! गेटच्या पुढे आमच्या गावाचा रस्ता. तो आप्पा जिवंत असतानाही मातीचाच होता.

* * *

आमचं गाव शेलारच्या पलीकडे. तिथल्या नळयोजनेचा नारळ आप्पांनी तीनदा फोडला. कोनशिला तीन, नळ एकही नाही. माझी आई अजून तळ्याचंच पाणी भरते. तिसऱ्या वेळी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आप्पा, गावान पानी आलाय तो फकस्त नारलाचा!"

आप्पा पोट धरून हसले. "म्हातारे, नळ येवो न येवो, मी हाय तवर तुझ्या तल्यान मातीची एक पाटी परनार न्हाय!"

अन् हा एक शब्द त्यांनी पाळला हो. चारी बाजूंनी गोदामं उठली, त्यांचे नारळही आप्पांनीच फोडले, पण तळं राहिलं. त्यामुळे मला धड रागही धरता येत नाही त्यांच्यावर.

* * *

गेल्या महिन्यात तळ्यावर मातीचे डंपर आले. आई काठावर जाऊन बसली, उठेचना. मला म्हणाली, "आप्पांच्या हापिसान हास ना तू? मंग कर कायतरी!"

मी ड्रॉवर उघडला. एकच कागद उरला होता. टाइप केलं, 'सदर तळे बुजवण्यास माझी तीव्र हरकत आहे.' तारीख त्या दिवशीची घातली आणि स्वतः तहसीलदार साहेबांकडे घेऊन गेलो.

साहेबांनी वाचलं. फाइलमधून दुसरं पत्र काढून शेजारी ठेवलं. 'सदर तळे बुजवण्यास माझी हरकत नाही.' तारीख आदल्या आठवड्याची. खाली आप्पांची सही.

"साहेब, हे पत्र खोटं आहे!"

त्यांनी वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "नंबर तर तुमच्याच अक्षरात आहे."

माझ्याच अक्षरात होता.

"पण साहेब, त्या तारखेला आप्पा तर..."

साहेबांनी माझं पत्र हातात घेतलं, तारीख पाहिली आणि अगदी शांतपणे विचारलं, "आप्पा तर काय?"