घरच्या म्हशीचं दूध

पोट दुखतं असं आमच्याकडे कुणाला सांगितलं की समोरच्याच्या अंगात लगेच वैद्य संचारतो. मी इथे हिंदी मुलखात, राइट टाउनमधल्या एका शाळेत भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये एकदा पोट धरून बसले, तर मधली सुट्टी संपायच्या आत निदान झालेलं होतं: ॲसिडिटी. उपाय? थंड दूध.

पहिल्या डॉक्टरांनीही माझ्या पोटाला हात न लावता तेच ऐकवलं. वर म्हणाले, "टेन्शन मत लिया कीजिए." दुखणं बाईचं असलं की ते टेन्शनच असतं, हे बहुधा त्यांना कॉलेजातच शिकवलं असावं.

माझी मोठी नणंद शहपुऱ्याला असते. तिच्याकडे म्हशी आहेत, त्यामुळे जगातल्या सगळ्या रोगांवर तिच्याकडे इलाज आहे. "शहरातलं पाकिटाचं दूध पिऊन राहिली तू, मग काय होईल?" असं म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर दुधाची बरणी धाडायची. मी प्यायचे. पोट फुगायचं, पिळवटायचं, उलटी व्हायची. ती म्हणायची, "अजून पी."

वजन उतरत गेलं. मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला माझा दंड चाचपून विचारू लागल्या, "किती छान बारीक झालीस गं! काय करतेस?" जुलाब, असं मी उत्तर दिल्यावर त्यांना ते असभ्य वाटलं.

शेवटी शाळेत चक्कर येऊन पडले, तेव्हा माझा नवरा मला पोटाच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेला. तो रिछाईतल्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मशीन बिघडलं तर तो ते उघडून बघतो. बायकोच्या बाबतीत मात्र इतके महिने वरूनच तेल घालणं चाललं होतं. या डॉक्टर स्वतः बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. रक्त तपासलं, जंत नाहीत याची खात्री केली, दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे घेतले. रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. ॲलर्जीत त्या वाढतात. माझ्या लहान आतड्याच्या अस्तरात त्या नको तितक्या जमल्या होत्या आणि तिथे सूज होती. कुठल्या तरी अन्नामुळे हे होत असावं. कुठल्या, ते शोधायचं.

नवऱ्याने विचारलं, "हातावर सुया टोचून टेस्ट करतात ना?"

"उस टेस्ट पर इसमें भरोसा नहीं कर सकते," त्या म्हणाल्या. "बंद करके देखना पड़ेगा."

आधी स्टिरॉइडने सूज उतरवली. माझा चेहरा पुरीसारखा टम्म फुगला, आणि त्याच मंडळातल्या त्याच बायका म्हणाल्या, "आता कशी तब्येत सुधारली!" मग गोळ्या हळूहळू कमी करत दूध, गहू, अंडी, सोयाबीन, दाणे, मासे सगळं बंद. ज्वारीची भाकरी, भात, मुगाचं वरण, दुधी. बरं वाटू लागलं तसा एकेक पदार्थ परत सुरू केला. गहू सोसला. अंडं सोसलं. दाणे सोसले. दूध घेतलं आणि तीच जुनी कळ परत आली. ज्याला सगळं शहर औषध म्हणत होतं, तेच.

नणंदेला हा म्हशींचा अपमान वाटला. "आपल्यात दुधाने कोणी आजारी पडलं काय कधी? नखरे हायेत."

भाचीच्या साखरपुड्याला आम्ही शहपुऱ्याला गेलो. जेवणात दूध नसेल ना, हे मी आधीच फोन करून विचारलं होतं. "चिंता करू नको, तुझ्या पुऱ्या मी स्वतः वेगळ्या तेलात तळल्या," असं म्हणत तिने ताट वाढलं. मी जेवले. हात धुऊन आले तर ती भर पंगतीत म्हणाली, "बघा! कणीक दुधात भिजवली होती. झालं काही? बसली आहे ना चांगली?"

लोक हसले. व्याही तर पोट धरून हसले. माझी मुलगी कानात म्हणाली, "आई, जाने दो ना."

पण हा आजार पंगत उठायची वाट पाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरी न्हाणीघराच्या फरशीवर बसून होते, उभं राहता येत नव्हतं. नवऱ्याने तिथूनच बहिणीला फोन लावला.

"रस्त्यात काही खाल्लं असेल तिने," नणंद म्हणाली.

"नाही खाल्लं, ताई. काहून केलंस तू हे?"

"अरे, भ्रम काढत होती मी तिचा."

"यापुढे ती तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. आणि मी पण डबा घेऊनच येईन." त्याने फोन ठेवला. आवाज चढवला नव्हता. लग्नानंतर बहिणीशी त्याला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तो बादली घेऊन फरशी धुवायला लागला.

परत डॉक्टर, परत काही काळ गोळ्या. त्या रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "घर में ही किया?" मी हो म्हटलं.

आता ठीक आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी बिस्किटही तोंडात घालत नाही. नणंदेशी बोलणं आहे, विश्वास नाही, आणि तो परत आणायची मला घाईही नाही. भाचीच्या लग्नात ती पाहुण्यांना सांगत होती, "हिला दूध चालत नाही बरं का, आम्ही फार काळजी घेतो हिची." नवऱ्याने तिच्यासमोरच डबा उघडला. आम्ही दोघांनी भाकरी-भाजी खाल्ली. भाजी जरा तिखट झाली होती.